कंपनीचा फोन, कंपनीची बॅग

मणक्याचा टीबी निघाला तेव्हा डॉक्टरांनी तीन महिने पाठीवर पडून राहायला सांगितलं. चेंबूरच्या आमच्या घरात खिडकीशी माझा पलंग लावला. मी लिफ्ट दुरुस्तीला होतो. मुलुंड-घाटकोपरच्या बिल्डिंगी बारा वर्षं माझ्याकडे होत्या.

पडून असलो तरी कंपनीचा फोन उशाशी असायचा. एखादा वॉचमन विचारायचा, "साहेब, तिसऱ्या मजल्यावर दार लागत नाहीये." मी सांगायचो, "खालच्या खाचेत खडा अडकला असेल, झाडून बघ." पाच मिनिटांनी त्याचा परत फोन, "चालू झाली." त्या दिवशी दोन घास जास्त जायचे.

दुसऱ्या महिन्यात ऑफिसातून निरोप आला. रजा लांबली की सामान जमा करायचं, असा नियम आहे. न्यायला आला तो माझाच जोडीदार. कित्येकदा एकमेकांच्या भरवशावर आम्ही लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेलो. तो दारातच घुटमळला.

"मीच येतो म्हटलं. नाहीतर कुणालाही पाठवलं असतं ना."

"बस रे. चहा घे आधी."

बायकोने बॅग आणून दिली. तो यादी बघून एकेक वस्तू मांडत गेला. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठींवर मी सायकलची ट्यूब कापून चढवली होती.

"ही ट्यूब तुझी. काढून देऊ?"

"राहू दे. हात घसरत नाही."

मग फोन. "नंबर उतरवून घे यार," तो म्हणाला. मी म्हटलं, पाठ आहेत. एकही पाठ नव्हता. त्याच्यासमोर वहीत नंबर लिहीत बसायची लाज वाटली, बस.

त्यानंतर घर फार शांत झालं. घाटकोपरला चौथ्या मजल्यावर एक काकू एकट्या राहायच्या. लिफ्ट ठीक असली तरी आवाज येतोय म्हणून फोन करायच्या, आणि बोलायच्या गुडघ्यांबद्दल; मी आजारी पडल्यावर माझ्या पाठीबद्दलही. तेव्हा मी कंटाळायचो. आता वाटायचं, कराव्यात त्यांनी तक्रारी.

एका दुपारी बायकोच्या मोबाइलवरून मी माझाच जुना नंबर लावला. कुणी नवीन माणूस बोलला. मी म्हटलं, "घाटकोपरच्या काकूंशी जरा मोठ्याने बोलत जा, त्यांना कमी ऐकू येतं."

"आपण कोण?"

"आधी हा फोन माझ्याकडे होता."

"त्या सारख्या विचारतात, पाठवाला बरा झाला का. काय सांगू त्यांना?"

"सांगा, उठून बसतोय."

खरं तर तेव्हा कुशीवर वळायलाही बायको लागायची.

आठ महिन्यांनी कामावर गेलो. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, म्हणून गोरेगावच्या गोडाऊनला बसवलंय, सुट्या भागांवर. काम बरं आहे, माणसंही बरी आहेत. फोन वाजतो तो पार्ट मागायला. मी पार्टचा नंबर लिहून घेतो, आणि ठेवण्याआधी उगाच विचारतो, "कुठल्या बिल्डिंगला रे?"