परातीतला चेंडू

आमच्या मामंजींइतका डोक्याला ताप देणारा सासरा अख्ख्या पलूस तालुक्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्या सुनेला माझा कोपरापासून दंडवत. फौजेतून परतलेली माणसं घरी काळी ट्रंक आणतात, रमची बाटली आणतात. यांनी आणली गोल्फची एक जुनी काठी आणि सात चेंडू. नोकरीची शेवटची बारा वर्षं हवालदारसाहेबांनी छावणीतल्या गोल्फच्या मैदानाचं गवत राखलं. साहेबलोक खेळायचे, हे बघायचे. त्या गवतावर एक चेंडू मारायला मात्र बारा वर्षांत यांना कुणी बोलावलं नाही. तेवढं एकदा करायचं, हा एकच ध्यास.

त्या ध्यासापायी माझं अंगण गेलं. लांबचा फटका कुणीही मारतो म्हणे. खरी परीक्षा होलजवळच्या, म्हणजे चेंडू ज्या भोकात घालायचा त्याच्या भोवतालच्या हिरवळीशी, तिथं चेंडू जरासाच उडवून अलगद टाकायचा. टाकायचा कुठं, तर माझ्या भाकरीच्या परातीत! सकाळी सहाला अंगणात टण्ण. परातीला पोचे, तुळशीच्या कुंडीला चीर, सांडग्यांत चेंडू, आणि वर मलाच शिकवणी. एकदा संतापून मी काठी हिसकावून घेतली, तर शांतपणे म्हणाले, "मनगट मोडू नगंस पोरी. चेंडू उचलायचा न्हाई, वरनं खाली मारायचा. त्यो आपसूक उठतोय." रागाच्या भरात मारला, तो थेट परातीत. मग चार दिवस गावभर सांगत सुटले, सुनंचं मनगट लय झ्याक. आणखी एक खोड म्हणजे, प्रत्येक फटक्यानंतर खाली बसायचं आणि उखडलेलं गवत थोपटून जागेवर बसवायचं. इकडं आंघोळीचं पाणी निवतंय आणि हे गवत थोपटताहेत.

मागच्या महिन्यात त्यांच्या जुन्या साहेबांचं बोलावणं आलं. साहेब आता महाबळेश्वरच्या बाजूला राहतात. तिथल्या मैदानावर या, म्हणाले. मामंजींनी बूट तीनदा पॉलिश केले. आमच्या ह्यांना रजा मिळेना, म्हणून सोबत मी गेले. साहेबांचा चेंडू हिरवळीच्या काठाशी थांबला, तेव्हा ते स्वतःच म्हणाले, हवालदार, हा तुम्ही मारा. मामंजी उभे राहिले. भार पुढच्या पायावर, मनगट ताठ. आणि यांची नजर गेली हिरवळीवर चेंडू पडून झालेल्या खळग्यांकडे! काठी खाली ठेवली, खिशातून घराची किल्ली काढली आणि बसून एकेक खळगा सारखा करू लागले. मागून खेळत येणारी मंडळी खोळंबली. शेवटी साहेबांनीच हसत चेंडू मारला आणि जाता जाता सांगितलं, तेवढा पलीकडचाही बघा. हे गुमान पलीकडचा बघायला गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

परतीच्या एसटीत वाई येईपर्यंत माझ्या तोंडाचा पट्टा चालू होता. "खेळायला आला होता का खुरपायला?" मी विचारलं. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि तिला लागलेली माती नखानं खरवडली.

"माझ्या हातात काठी हाय, ह्येच इसरलो बग," म्हणाले.

तेव्हापासून काठी दाराआड आहे. सांडगे सुखरूप आहेत, सकाळी टण्ण नाही, आणि मला कुणावर ओरडावं तेच कळत नाही. रोज सकाळी मी परात अंगणात तिच्या ठरल्या जागी नेऊन आदळते आणि मोठ्यानं बजावते, खबरदार चेंडू मारलात तर. मामंजी परातीकडं बघतात, चहा पितात, आत जातात.

भाकरीचं पीठ मी हल्ली पातेल्यात मळते.