प्रत्येक गोष्टीला बेसेदेर

आई नागपूरच्या धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात पडून होती. तिच्या पोटात कॅन्सरची गाठ आहे हे माझ्या धाकट्या भावाला माहीत होतं, भावजयीला माहीत होतं, कुहीहून डबा घेऊन आलेल्या चुलतमामाला माहीत होतं, खाली चहा विकणाऱ्यालाही एव्हाना कळलं असावं. फक्त आईला माहीत नव्हतं. तिला ॲसिडिटी सांगितली होती. आणि त्या खोलीत, तिच्या उशाशी उभा राहून, भावाचा एक दोस्त मला म्हणाला, "ताई, तुम्ही इस्रायलले होत्या ना? हिब्रूत काही बोलून दाखवा ना जी!"

नागपूरला परत आल्यापासून ही फर्माईश माझ्या पाचवीला पुजली आहे. लग्नात, बारशात, भाजीच्या ठेल्यावर. परदेशातून भाषा शिकून आलेल्या बाईने गारुड्यासारखी टोपली उघडायची आणि लोकांनी तोंडं वासून बघायचं. मी त्या दोस्ताकडे बघून गोड आवाजात एक वाक्य म्हटलं. त्याने टाळ्या वाजवल्या. "या खोलीत खुर्च्यांपेक्षा मूर्ख जास्त आहेत," असं मी म्हणाले होते.

खरं तर त्या मूर्खांची मी जुनी मास्तरीण. मी नर्स, आणि माझी उमेदीची वर्षं याच धंतोलीच्या गल्ल्यांमध्ये गेली. भंडारा, गोंदिया, यवतमाळ, कुठून कुठून पेशंट यायचे आणि प्रत्येकामागे अर्धं गाव. इथली रीत ठरलेली होती. डॉक्टर कॉरिडॉरमध्ये नातेवाइकांशी बोलणार, नातेवाईक कोपऱ्यात रडून, तोंड धुऊन आत येणार, आणि ज्याचं पोट, ज्याचं काळीज, त्याला सांगणार, "काही नाही, दोन दिवसांत घरी." पेशंटला कळू न देता मोठ्या मुलाला डोळ्याने खुणावून बाहेर काढण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. त्याला आम्ही माणुसकी म्हणायचो.

इस्रायलला म्हाताऱ्यांची देखभाल करायला जायचं ठरलं तेव्हा हिब्रू शिकणं आलं. नागपुरातल्याच जरीपटक्यात एका कापडाच्या दुकानावरच्या खोलीत क्लास चालायचा. तिथले सर रायपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते. देवनागरीत लिहिलेल्या हिब्रूच्या झेरॉक्स आमच्या हातात देऊन ते पाढ्यांसारखं म्हणून घ्यायचे. तोदा म्हणजे धन्यवाद, स्लिखा म्हणजे माफ करा, बेवाकाशा म्हणजे कृपया. पण त्यांचा खरा मंत्र एकच होता, बेसेदेर. म्हणजे ठीक आहे.

"म्हातारं काहीबी बोललं का हासाचं अन् बेसेदेर म्हणाचं," सर सांगायचे. "समजलं तरी बेसेदेर, नाही समजलं तरी बेसेदेर. नोकरी पक्की!"

आणि आम्ही शिकल्यासवरल्या नर्सा त्या माणसासमोर माना डोलवत बेसेदेर, बेसेदेर करत बसायचो. आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. सरांचा नाही एवढा राग येत, ते बिचारे पोटासाठी पोपटपंची करत होते. राग येतो तो आमचा, कारण आम्हाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मोठ्या माणसाला हो म्हणायचं आणि मग आपल्या अकलेने काहीतरी निभावून न्यायचं, हे आम्ही घरीच शिकून आलो होतो.

माझ्या वाट्याला आलेली म्हातारी तेल अवीवजवळच्या एका गावात तिसऱ्या मजल्यावर राहायची. बगदादहून लहानपणी आलेली, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. ती सकाळी काहीतरी बोलली, मी हसून बेसेदेर म्हटलं. दुपारी बोलली, बेसेदेर. संध्याकाळी मी तिच्या हातावर गोळी ठेवली, तर तिने ती माझ्याकडे बघत बघत बेसिनमध्ये फेकली. ती गोळी बदलली आहे, आता जुनी देऊ नकोस, हेच ती सकाळपासून सांगत होती. तिने मुलाला फोन लावला आणि तो माझ्या कानाशी धरला. मुलाने इंग्रजीत निरोप दिला, "आई म्हणते, तू बेसेदेर म्हणालीस की तिला भीती वाटते."

पहिल्याच आठवड्यात सरांच्या मंत्राची ही गत झाली.

मग मी तिथल्या क्लासला गेले. शनिवारी संध्याकाळी एका हॉलमध्ये माझ्यासारख्या बायका जमायच्या, फिलिपाइन्सच्या, केरळच्या, नेपाळच्या. शिकवणारी बाई गिटार घेऊन यायची. सणांची गाणी, रंगांची नावं, फळांची नावं. दिवसभर परक्या म्हाताऱ्यांची ढुंगणं धुऊन आलेल्या बायकांना ती सांगत होती की सफरचंद लाल आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या की तिचे डोळे भरून यायचे. तिला आमची कणव येत होती आणि मला तिची किळस. दुखतंय कुठे, शी झाली का, चक्कर येते का, हे कोणत्या गाण्यात बसतं ते मी तिला विचारणार होते, पण तेवढी हिब्रू मला येत नव्हती. तिसऱ्या शनिवारी मी गेलेच नाही.

शेवटी मला शिकवलं ते म्हातारीने. तिला कणव वगैरे भानगड ठाऊक नव्हती. ती स्वतः त्या देशात आली तेव्हा तंबूत राहत होती आणि तिच्या अरबी बोलण्यावर पोरं दगड मारायची, असं तिने मला पुढे कधीतरी सांगितलं, पण कौतुक म्हणून नव्हे, तर मी रडले तेव्हा "पुरे झालं" म्हणायला. मी चुकले की ती खो खो हसायची, शेजारणीला बोलावून माझी चूक पुन्हा म्हणवून घ्यायची. मीही काही कमी नव्हते. तिच्या घरी बाटलीतलं एक पिवळं पाणी असायचं, त्याला ते लोक अंबा म्हणतात आणि ते कैरीचं लोणचं आहे असा त्यांचा समज आहे. मी ते चाखून जे तोंड केलं, ते पाहून ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. दोन खडूस बायका एका घरात. पण त्या घरात मला हळूहळू "समजलं नाही" म्हणता येऊ लागलं, मग "नाही" म्हणता येऊ लागलं, आणि एक दिवस भांडता येऊ लागलं.

एकदा तिला गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता. त्याने व्हीलचेअरवरून नजर उचलून थेट मला विचारलं, "हिला झोप लागते का?" मी झटकन उत्तर दिलं. "जेवते का?" तेही सांगितलं. माझी हिब्रू त्या दिवशी फारच छान वाहत होती. धंतोलीत कमावलेली सगळी हुशारी मी पणाला लावली, शेवटी तर तिला दिसणार नाही अशा बेताने भुवया उंचावून 'काही काळजीचं आहे का' असंही विचारलं. म्हातारीने काठी टेबलावर आपटली. डॉक्टरच्या पेनांचा डबा खाली पडला.

घरी जाताना बसस्टॉपवर तिने मला एक वाक्य शिकवलं. "तेदाबेर इता, लो इती." तिच्याशी बोल, माझ्याशी नको. बस येईपर्यंत तिने ते माझ्याकडून घोकून घेतलं, मोठ्याने, तिथे उभ्या असलेल्या लोकांदेखत. मला वाटलं, ही बाई माझा अपमान करते आहे. करतच होती.

पुढच्या खेपेला मी ते वाक्य त्या डॉक्टरच्या तोंडावर म्हटलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. तिचं हृदय थकलं होतं. ते त्याने तिला सांगितलं, काही न लपवता. मी तिच्या मागे उभी राहून ती आता कोसळते, मग कोसळते म्हणून हात पुढे करून होते. तिने दोन-चार प्रश्न विचारले, त्यातला एक तर लिफ्टच्या दुरुस्तीबद्दल होता. मग बाहेर येऊन तिने अर्धा किलो ऑलिव्ह घेतले आणि दुकानदाराशी वजनावरून भांडली. त्यानंतरही ती बरीच जगली. गेली तेव्हा कोणता डगला कोणाला, हे तिने स्वतः सांगून ठेवलं होतं.

आणि आता मी परत धंतोलीत, आईच्या खोलीबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये. डॉक्टर माझ्या भावाच्या कानाशी लागून ऑपरेशनबद्दल सांगत होते. भावजय पदराने डोळे टिपत होती. मामा भिंतीला टेकून पुढारी झाले होते. एकूण एक सगळं जसंच्या तसं, जणू मी कधी गेलेच नव्हते.

"माय काय म्हणते?" मी विचारलं.

"मायले काहून सांगाचं, ताई?" भाऊ म्हणाला. "खचून जाईन ना! आपण परवा ऑपरेशन करून टाकू. तिले सांगू, दुर्बीण घालून राहिले म्हणून."

मी डॉक्टरांकडे वळले. "तिच्याशी बोला," मी म्हणाले. "आमच्याशी नको." मराठीत ते वाक्य किती उद्धट वाटतं हे मला तेव्हा कळलं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ती गाठ पोटात नेऊन ठेवली होती. भाऊ म्हणाला, परदेशात राहून मी दगड झाले. मी त्याला सांगितलं की त्याला आई नाही वाचवायची, स्वतःचं रडणं वाचवायचं आहे. हे मी बोलले आणि मला ते बोलताना चांगलंही वाटलं.

डॉक्टर भला माणूस. आत आले, स्टूल ओढून बसले आणि आईला सगळं सांगितलं. ऑपरेशन केलं तर काही महिने जास्त मिळतील कदाचित, पण त्यातले बरेच इथेच जातील, आणि खात्री कशाचीच नाही.

आईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले माहीतच होतं जी. ॲसिडिटीले कोणी इतके पाहुणे येतात काय?"

भावजयीने डोळ्यांवरचा पदर खाली घेतला.

"ऑपरेशन नाही करत मी," आई म्हणाली. "घरी जातो. धानाचा रोवणा लागून राहिला."

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की आईला विचारलं की आई हो म्हणेल. मी नर्स, मला माहीत होतं ऑपरेशनमध्ये जीव किती आणि भोग किती. तरीही. विचारायचं म्हणजे तिने आपल्या मनासारखं उत्तर द्यायचं, असंच मी धरून चालले होते. काही महिने म्हणजे काही महिने, मला ते हवे होते. परदेशात घालवलेली सगळी वर्षं मला त्या महिन्यांमध्ये भरून काढायची होती.

मी डॉक्टरांच्या मागे कॉरिडॉरमध्ये गेले. ज्या भिंतीशी मी शेकडो नातेवाइकांना उभं केलं, त्याच भिंतीशी उभी राहून मी आवाज खाली आणला. "सर, तुम्ही तिला थोडं घाबरवा ना. म्हणा, ऑपरेशन नाही केलं तर फार त्रास होईल. तुमचं ती ऐकेल."

मी वेडी असल्यासारखं डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच म्हणाला होतात ना, आमच्याशी बोलू नका?"

मागे भाऊ उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. आयुष्यभर मी ज्या लोकांची छी थू केली, त्यांच्यापैकी सर्वांत लबाड मीच निघाले. त्यांना निदान दुसरं काही येत नव्हतं.

आत गेले तेव्हा आई उठून बसली होती. भावजयीला तिने पाणी आणायला पाठवलं होतं, मामांना डबा धुवायला.

"दार लोट वं," ती म्हणाली. मी लोटलं. "रडून काहून राहिली? बस इथं. तू दवाखान्यात राहिली, तुले सारं ठावं आहे. मले सांग. ऑपरेशन नाही केलं तर मी कशी जाईन? दुखन काय? किती दुखन?"

मी तिच्या पलंगावर बसले. असं उत्तर कोणाला द्यायची वेळ माझ्यावर मराठीत कधी आलीच नव्हती. नेहमी "काही नाही काकू" एवढंच. शब्द शोधावे लागले. मी तिला सांगितलं की आधी भूक जाईल. मग पोट फुगेल, पायांवर सूज येईल. दुखेल, पण दुखण्यावर औषध आहे आणि ते मी स्वतः देईन. शेवटी झोप वाढत जाईल, आणि मी बोलवलं तरी तू ओ देणार नाहीस. ती मध्ये एकदाही थांब म्हणाली नाही.

"बरं," आई म्हणाली. "मंग माही खाट ओसरीत टाकजो. अंदर नोको. मले धानाची बांधी दिसली पाह्यजे."

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. मग उशी कोणीकडे करायची, तेही मी तिलाच विचारलं.