माताजींच्या पथ्यातलं रामेन

“मॅडम, माताजीने फिर बोला ‘बहुत अच्छा’. और फिर सब वापस.”

मर्सी सिस्टरने झाकण उचलून ताट माझ्यासमोर धरलं. मुगाच्या खिचडीला एका कोपऱ्यात चमचा लागला होता. दुधीची भाजी, दही, सगळं जसंच्या तसं. पलंगावर माताजी उशीला टेकून बसल्या होत्या. मला बघितल्याबरोबर त्यांनी दोन्ही हात जोडले, मान लववली आणि गोड हसल्या. मी डोक्याला हात लावायच्या बेतात होते, तोच हात मी नमस्कारासाठी जोडला.

मी तेव्हा लखनौच्या एका खासगी हॉस्पिटलात डाएटिशियन होते. माहेर सांगलीचं. नवरा बँकेत, त्याच्या बदलीबरोबर इकडे आले आणि वृंदावन योजना नावाच्या कॉलनीत घर घेऊन इथलीच होऊन गेले. डाएटिशियन म्हटलं की लोकांना वाटतं, वजन उतरवून देणारी बाई. हॉस्पिटलात उलटं असतं. तिथे आमचा निम्मा जन्म पेशंटने चार घास खावेत म्हणून विनवण्या करण्यात जातो. ऑपरेशन कितीही झकास होवो, पोटात अन्न गेलं नाही तर टाके भरत नाहीत आणि पाय उचलायला ताकद येत नाही.

ही गोष्ट दोन हजार दहाच्या आगेमागची. जानेवारी होता. लखनौचा जानेवारी म्हणजे दुपारपर्यंत धुकं, आणि घरात बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. माताजी जपानहून श्रावस्तीच्या यात्रेला आल्या होत्या. खरं नाव हारुको, वय सत्तरीच्या पुढे. तिथे पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आमच्याकडे ऑपरेशन झालं. बरोबरचे यात्रेकरू परत गेले. मुलाचा व्हिसा अडकला होता. सोबतीला राहिले फक्त टूर कंपनीचे गाइड तिवारीजी. त्यांना जपानी छान यायचं.

बुद्धाच्या दर्शनाला सातासमुद्रापलीकडून आलेली म्हातारी! अख्ख्या वॉर्डने तिला डोक्यावर घेतलं. आयाबाया येता-जाता पाया पडायच्या. तिवारीजींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, “मैडम, तीर्थयात्री हैं. शुद्ध शाकाहारी. प्याज़-लहसुन भी मत दीजिएगा.” आम्हा कोणालाच त्यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही. एवढी भाविक बाई दुसरं काय खाणार? आमचं किचन तसंही शाकाहारीच. तिथल्या स्वयंपाकी महाराजांनी तर माताजींची खिचडी वेगळ्या पातेल्यात, आंघोळ करून, तूप सोडून रांधायला सुरुवात केली. दलिया झाला, साबुदाणा झाला, शिरा झाला. प्रत्येक ताटावर माताजींचं एकच उत्तर. बहुत अच्छा. आणि ताट परत.

डॉक्टर रस्तोगी आमचे हाडांचे सर्जन. माणूस चांगला, पण सबुरी कमी. शनिवारच्या राउंडला त्यांनी माताजींच्या दंडाची कातडी चिमटीत धरून बघितली आणि मला बाहेर बोलावलं.

“मैडम, यह नहीं चलेगा. फिज़ियो खड़ा करता है तो चक्कर आ जाता है. राइल्स ट्यूब डालनी पड़ेगी.”

राइल्स ट्यूब म्हणजे नाकातून थेट पोटात जाणारी नळी. तिच्यातून पातळ अन्न सोडतात. काही पेशंटना तीच वाचवते, मी तिच्या विरोधात नाही. पण शुद्धीवर असलेल्या, कोणाशी धड बोलता न येणाऱ्या, परक्या देशात एकट्या पडलेल्या म्हातारीच्या नाकात नळी घालायची, हे मला पटेना. अशी माणसं नळी उपसतात, मग हात बांधावे लागतात. मी ते पाहिलंय.

“सर, थोडा समय दीजिए.”

“सोमवार दोपहर का खाना. उसके बाद मैं नहीं रुकूँगा.”

मी तिवारीजींना घेऊन माताजींच्या खोलीत गेले. आमच्याकडे डाएट हिस्टरी नावाचा एक प्रकार असतो. माणूस आपल्या घरी काय, कधी, कसं खातो ते बारकाईने विचारून घ्यायचं. भाषेच्या अडचणीमुळे ती राहून गेली होती. तिवारीजींनी पथ्य सांगितलं आणि आम्ही ते धरून चाललो.

“इनसे यह मत पूछिए कि क्या खाएँगी,” मी म्हटलं. “यह पूछिए कि ऐसी ठंड में अपने घर पे क्या पकाती हैं.”

तिवारीजींनी विचारलं. माताजी आधी एक-दोन शब्द बोलल्या. मग थांबल्या, खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघितलं आणि एकदम सुरूच झाल्या. हातांनी पातेलं दाखवलं, दोरा गुंडाळल्यासारखं काहीतरी केलं, फुंकर घातली. गाल लाल झाले. इतक्या दिवसांत ही बाई इतकं बोललेली मी पाहिलीच नव्हती. तिवारीजी भाषांतर करत होते. गावात बर्फ कमरेएवढा. खोलीत उबेसाठी रॉकेलची शेगडी, आणि तिच्यावर सकाळपासून पातेलं. त्यात हाडं, आलं, कांदा. मांसाची वळकटी दोऱ्याने बांधून त्यातच सोडायची. दिवसभर मंद रटरटत ठेवायची. मुलं शाळेतून आली की त्या रश्श्यात शेवया. रामेन म्हणतात.

“मांस किसका?” मी विचारलं.

तिवारीजींनी दाराकडे बघितलं. आवाज एकदम खाली आणला. “मैडम... सुअर का.”

“आप तो शुद्ध शाकाहारी बोले थे!”

“मैडम, तीर्थयात्री हैं... मैंने सोचा, पूछना भी पाप है!”

मला हसावं की रडावं कळेना. मी तिवारीजींना माताजींना विचारायला लावलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? माताजींनी पुन्हा हात जोडले. म्हणाल्या, तुम्ही सगळे इतक्या आदराने ताट आणता, पाया पडता. मला वाटलं, इथे यात्रेकरूने हेच खायचं असा नियम आहे. नको म्हटलं असतं तर तुमचा अपमान झाला असता.

झालं! आम्ही त्यांच्या धर्माचा मान राखत होतो आणि त्या आमच्या. आणि या मानापानात बाई उपाशी.

आता कोणी म्हणेल, कुठूनही चिकन सूप आणायचं की. लखनौत काय तोटा? पण मेलेली भूक जागी करायची तर माणसाच्या जिभेला जे आठवतं तेच द्यावं लागतं. रामेन सांगताना त्या बाईने आवंढा गिळलेला मी बघितला होता. माझ्या धंद्यात त्या आवंढ्याला फार किंमत असते.

रस्तोगी सर स्वतः लसूणसुद्धा न खाणारे. मी चाचरत सांगितलं. त्यांनी हातातली फाईल मिटली.

“हमारे किचन में नहीं बनेगा.”

“नहीं सर. बाहर से. बंद डिब्बे में. प्राइवेट रूम है.”

“बीपी है इनका. नमक?”

“नाप के, सर. चरबी निकाल के.”

“ठीक है. डिब्बे में क्या है, मुझे मत बताइएगा.”

परवानगी मिळाली, पण शिजवणार कोण? मी सांगलीची, मटण डोळे मिटून करीन. हे मात्र जन्मात हाताळलेलं नाही. मी मर्सी सिस्टरपाशी कपाळाला हात लावून बसले. मर्सी केरळची, माझ्याच कॉलनीत दोन गल्ल्या सोडून राहायची. ती गालात हसली.

“मैडम, हम लोग क्रिसमस में बनाता है ना. पहले बोलना था ना! मेरा हस्बंड कल सुबह कैंट बाज़ार से लाएगा. कल मेरा छुट्टी है.”

छुट्टी! आठवडाभर उभ्याने ड्युटी करून मिळालेली एकुलती एक सुट्टी तिने मी मागायच्या आत देऊन टाकली. मी तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

राहिल्या शेवया. बाजारातल्या नूडल्स चालणार नव्हत्या. त्यात मीठ फार. माझी आई हिवाळ्यात आमच्याकडे राहायला आली होती. तिला मी भीत भीत सगळं सांगितलं.

“डुकराचं?” आईने नाक मुरडलं. “काय गं बाई तुझी एकेक थेरं! हे शिकायला पाठवलं होतं तुला?”

“आई, ती म्हातारी उपाशी आहे गं. नाकात नळी घालणार आहेत.”

आईने पदर खोचला. मग म्हणाली, “पीठ मी मळीन. त्या पातेल्यात मात्र डोकावायची नाही, आधीच सांगून ठेवते.”

रविवारी सकाळीच मर्सीच्या स्वयंपाकघरात आम्ही ठाण मांडलं. मर्सीने हाडं आधी एकदा उकळून ते पाणी फेकून दिलं, म्हणजे रस्सा स्वच्छ होतो. मग नवीन पाणी, आलं, कांदा, लसूण. मांसाची चरबी काढून, वळकटी करून, दोऱ्याने बांधून आत सोडली. गॅस इतका बारीक की पाण्याला मधूनच एखादा बुडबुडा यावा. कुकर लावायचा नाही. तिवारीजी माताजींच्या उशाशी बसून फोनवर निरोप पोचवत होते. मर्सीने सवयीने कढीपत्ता उचलला, तेवढा मी हातातून काढून घेतला.

इकडे आईचं बिनसलं होतं. मैद्याच्या लाटून कापलेल्या पट्ट्या पाण्यात पडल्या की लगदा व्हायच्या.

“ह्या काही धरत नाहीत बघ. वरणफळं झाली ही.”

फोनवरून माताजींचा निरोप आला, पिठात खारं पाणी लागतं. मिठाचं नव्हे. कपडे धुवायच्या सोड्याच्या जातीचं काहीतरी. तिवारीजींना नीट सांगता येईना. आई ऐकत होती. ती एकदम म्हणाली, “अगं, पापडखार म्हणतेय ती! मग आधी नाही का सांगायचं?”

उडदाचे पापड करून द्यायचे म्हणून आई सांगलीहून पापडखार घेऊनच आली होती. मी पळत घरी जाऊन पुडी आणली. पहिल्या खेपेला आईने पापडाच्या अंदाजाने घातला, तर पीठ हळदीसारखं पिवळं झालं आणि साबणाचा वास सुटला. ते गेलं फुकट. दुसऱ्या खेपेला फक्त चिमूटभर. मग पापडाचं पीठ कुटतात तसं आईने ते घट्ट पीठ मर्सीच्या वरवंट्याने दणादणा कुटलं. खालच्या मजल्यावरचे भैया वर बघायला आले, काय चाललंय म्हणून. लाटून, कापून, उकळत्या पाण्यात टाकलं तर पट्ट्या तुकतुकीत, चिवट. ओढल्या तरी तुटेनात.

संध्याकाळी घरभर वास दरवळला. आई दोनदा पाणी प्यायला म्हणून गॅसपाशी जाऊन आली. तिसऱ्यांदा गेली ती सरळ झाकण उचलून उभी.

“वास तर आपल्या पांढऱ्या रश्श्यासारखाच येतोय की गं.”

“आई, डोकावणार नव्हतीस ना?”

“वास घेतला. खाल्लंय का?”

सोमवारी दुपारी मी आणि मर्सी डबे घेऊन वर गेलो. गरम रस्सा थर्मासमध्ये, शेवया वेगळ्या, मांसाच्या पातळ चकत्या, उकडलेलं अर्धं अंडं, कांद्याची पात. सोया सॉस मी मोजून घातला होता. माताजींसमोर वाडगं भरलं. त्यांनी वाफेत तोंड धरलं आणि डोळे मिटून नुसत्या बसून राहिल्या. माझा जीव टांगणीला. मर्सी ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत होती.

मग त्यांनी आपल्या सामानातल्या जेवायच्या काड्या उचलल्या. आणि असा जोरात सुर्रर्र आवाज करून शेवया ओढल्या, की दारातली आया दचकली. दुसरा घास. चकती. रस्सा, वाडगं तोंडाला लावून. तेवढ्यात रस्तोगी सर येऊन दारात उभे राहिले. आत फक्त ते सुरकणं. अर्धं वाडगं संपल्यावर माताजींनी काड्या खाली ठेवल्या आणि तिवारीजींना काहीतरी सांगितलं. ह्या खेपेला ना हात जोडले, ना हसल्या. कपाळावर चक्क आठी होती.

तिवारीजींचा चेहरा पडला. “मैडम... कह रही हैं, नमक नहीं है. और सेवई मोटी कटी है.”

एक क्षण मला वाटलं, संपलं सगळं. मर्सीला मात्र हसू फुटलं. “मैडम, कंप्लेंट किया! माताजीने कंप्लेंट किया!”

माताजींनी वाडगं पुन्हा ओढून घेतलं आणि तळाचा थेंबही शिल्लक ठेवला नाही. मी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले, लाज वाटायचं काही कारण नव्हतं. रस्तोगी सर मागच्या मागे निघून गेले. जाताना सिस्टरच्या टेबलावरची ट्यूबची ऑर्डर रद्द करून गेले, ते मला मर्सीने मागाहून सांगितलं.

त्यानंतर तक्रारींचा सपाटाच लागला. उशी टणक, चहा गोड, खोली गार, फिजिओथेरपिस्टचे हात थंडगार. त्यांना मांसाहार चालतो म्हटल्यावर बाहेरून चिकन, अंडी सगळं सुरू झालं. मुलगा आला तेव्हा माताजी वॉकर धरून त्याच्याकडे चालत गेल्या. मर्सीने आणखी एकदा ते पातेलं चढवलं. आईने शेवया बारीक कापल्या, आणि आपल्याला नावं ठेवणारी ही बाई आहे तरी कोण, हे बघायला स्वतः डबा घेऊन आली. दोघी म्हाताऱ्या एक अक्षर न कळता तासभर बोलत बसल्या होत्या.

मर्सी पुढे केरळला परत गेली. आई आता नाही. ह्या दोघींनी त्या रविवारी परक्या बाईसाठी जे केलं, त्याचे उपकार मी आजही मानते. ह्या कामाचा पगार मला होता, त्यांना नव्हता.

धंद्यातला धडा म्हणाल तर साधा आहे. ताटाला नावं ठेवणाऱ्या पेशंटची मी काळजी करत नाही. तो खातो. हात जोडून ‘बहुत अच्छा’ म्हणणारा भेटला, की मी स्टूल ओढून बसते आणि विचारते, घरी काय शिजतं?