पाण्यावरचं लॉज

आमच्या स्टाफरूममध्ये हल्ली कुणाला ना कुणाला क्रूझवर जायचं असतं. लातूरच्या ट्रॅव्हलवाल्यांच्या काचेवर आता निळ्या पाण्यातलं पांढरंशुभ्र जहाज चिकटवलेलं दिसतं. मी जाऊन आलेली, म्हणून मला विचारतात, मॅडम, कसं असतं? पहिले काही महिने मी "छान असतं" म्हणून विषय बदलायचे. आता खरं सांगते. नव्या जहाजाचं मला माहीत नाही. जहाज जुनं असेल तर आधी नाकाची तयारी ठेवा.

मी गेले ते आईसाठी. वडील लवकर गेले आणि आई मुदखेडहून सकाळच्या गाडीनं नांदेडला जाऊ लागली, स्टेशनजवळच्या एका लॉजच्या खोल्या काढायला. खोली काढणं म्हणजे गिऱ्हाईक गेल्यावर चादरी ओढायच्या, संडास-मोरी घासायची, आणि इथं आधी कुणी राहिलंच नव्हतं असं वाटेल अशी खोली करून ठेवायची. लॉजच्या मॅनेजरना आम्ही चाचा म्हणायचो. परीक्षेच्या दिवसांत ते मला एखादी रिकामी खोली अभ्यासाला उघडून द्यायचे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण आईची अट असायची की मी पलंगावर बसायचं नाही. चादरीला चुणी पडली तर तिला पलंग पुन्हा करावा लागे. मी फरशीवर बसून बारावी केली, बी.ए. केलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. ती पायरी आईनं दुसऱ्यांच्या मोऱ्या घासून मला दिली, हे मी वर्गात मुलांना सांगते, त्यात मला लाज वाटत नाही.

नोकरी लागल्यावर मी आईचं काम सोडवलं. तेव्हापासून मनात एकच होतं, की तिनं एकदा तरी कुठंतरी पाहुणी म्हणून राहावं. दुसऱ्यानं अंथरलेल्या गादीवर झोपावं आणि सकाळी ती तशीच टाकून उठून जावं. पण आई लॉजवर राहायला तयारच नसे. नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो तरी ती मंडपात झोपायची. म्हणायची, लॉजच्या चादरीवर काय काय झालेलं असतंय ते मला म्हाईत हाय, मला तिथं डोळा लागत न्हाई. म्हणून मला जहाज सुचलं. जहाजात तिनं कधी काम केलेलं नव्हतं. मुंबईहून गोवा आणि परत, समुद्र पण बघून होईल. निघण्याआधी मी तिच्याकडून कबूल करून घेतलं की जहाजावर कशालाही हात लावायचा नाही. ती मान हलवून "हाव" म्हणाली.

बंदरावरच्या चेकिंगला आईच्या पिशवीतून प्लॅस्टिकचा मग, चेनकुलूप, घरची चादर आणि धपाट्यांचा डबा निघाला. डबा सोडून बाकी सगळं चाललं. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणून धपाटे टाका असं सांगितलं. शेजारच्या पिंपात आधीच कुणाचे लाडू, कुणाच्या पुऱ्या पडलेल्या होत्या. आईनं पिंपात एकदा डोकावून पाहिलं आणि आम्ही दोघी तिथंच, ओळीच्या कडेला उभ्या राहून धपाटे खाऊ लागलो. मागचे लोक हसत होते. उरलेले तिनं चेकिंगवाल्याला घे म्हणून दिले. त्यानं ते घेतले आणि पिंपात टाकले.

जहाज लांबून पांढरं दिसत होतं. जवळ गेल्यावर कळलं की ते रंगावर रंग, त्यावर रंग असं आहे, आणि प्रत्येक खिळ्याखालून गंजाचा तांबडा ओघळ उतरलाय. आतल्या गालिच्यावर पाय ठेवला की चप्पल किंचित चिकटायची. जिन्याचा कठडा मेणचट होता. कुठल्याशा फुलांच्या अत्तराचा फवारा सगळीकडे मारलेला होता, पण त्याच्या खालून डिझेल, ओल आणि जुनं तळण यांचा वास येत राहायचा.

आमची केबिन आतल्या बाजूची निघाली. आतल्या बाजूची म्हणजे तिला खिडकी नसते, हे मला पैसे भरताना समजलं नव्हतं. समुद्र बघायला आणलेली माझी आई पत्र्याच्या डब्यात येऊन उभी राहिली. छताच्या जाळीला काळी लव धरलेली. पलंगावर टॉवेलची घडी घालून हंस करून ठेवला होता. हंसाच्या मानेवर पिवळा डाग होता. आईनं तो उचलला, वास घेतला आणि परत ठेवला.

"हंस केला म्हंजी टॉवेल धुतला असं न्हाई," ती म्हणाली.

मी हसले, कारण अजून मला वाटत होतं की सगळं ठीक होईल. तिनं रेल्वेत बांधतो तशी बॅग पलंगाच्या पायाला साखळीनं बांधली. मी बाथरूमचं दार उघडलं आणि लगेच लावलं. पडद्याच्या खालच्या कडेला गुलाबी बुरशी, मोरीच्या जाळीत केसांचा गुंता, आणि जहाज बंदरातून हललं तसा त्या जाळीतून गढूळ पाण्याचा एक घोट वर आला, थोडा थांबला, परत खाली गेला. पुढच्या हेलकाव्याला पुन्हा वर आला. या वेळी खाली गेला नाही. बरोबर काय आलं होतं ते मी लिहीत नाही.

मी वर काउंटरवर गेले. तिथं मोठी ओळ होती आणि ओळीत प्रत्येकाकडे अशीच काही गोष्ट होती. काउंटरवरची बाई गोड इंग्रजीत सगळ्यांना एकच उत्तर देत होती. मला तिनं सांगितलं की माणूस पाठवते, आणि जमल्यास उद्या दुसरी केबिन देते. माझं इंग्रजी चांगलं आहे, मी ते कष्टानं शिकले आहे. पण त्या दिवशी त्या इंग्रजीनं एक बादली पाणीसुद्धा हललं नाही.

खाली आले तर आई साडी खोचून बाथरूमच्या फरशीवर बसलेली. केबिनमधली छोटी साबणवडी आणि घरून आणलेला मग घेऊन ती मोरी घासत होती. मी म्हणाले, आई, ऊठ. ती म्हणाली, झालंच. मी म्हणाले, तू कबूल केलं होतंस. मग तिनं मान वर केली.

"तू वरी गेलीस तवा पानी पलंगापतुर यायलं व्हतं. मी काय बघत बसू?"

मला त्या क्षणी जहाजाची किळस आलीच, पण त्याहून जास्त त्या गोष्टीची आली की पैसे भरून, रजा टाकून मी तिला परत त्याच फरशीवर नेऊन बसवलं होतं. मी तिच्या हातून मग घेतला. ती रात्र आम्ही घरची चादर पसरून तिच्यावर काढली. माणूस आलाच नाही.

सकाळी तिला घेऊन वरच्या डेकवर गेले. जेवणाच्या हॉलमध्ये लोक ताटांवर डोंगर रचत होते आणि अर्धे डोंगर तसेच सोडून उठत होते. टेबलं ओल्या फडक्यानं पुसली जायची, ते फडकं एकच. स्विमिंग पूलमध्ये उडीद भिजवल्यासारखं पाणी आणि त्यात मोठमोठी माणसं स्पीकरवरच्या गाण्यावर नाचत होती. एकानं पाण्यातल्या पाण्यात गुटख्याची चूळ टाकली, त्याच्या मित्रांना ते फार विनोदी वाटलं. कॉरिडॉरच्या कठड्याला उलटीसाठी कागदी पिशव्या अडकवल्या होत्या. बऱ्याच वापरून परत तिथंच लटकवलेल्या होत्या.

आम्ही मागच्या बाजूला, दोरखंडांच्या जवळ एक कोपरा शोधला. तिथून समुद्र दिसत होता. बंदरावरचं गढूळ पाणी सोडलं तर आईनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"लई पानी हाय," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "गोदावरीला यवढं असतं तर बरं झालं असतं."

मग तिनं खाली बोट दाखवलं. जहाजाच्या कुशीतल्या एका भोकातून तपकिरी धार समुद्रात पडत होती. ती कशाची हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आम्ही कोपरा बदलला.

दुपारी जेवून खाली आलो तर केबिनचं कार्ड चालेना. दार मात्र अर्धवट उघडंच होतं. ढकललं तर आत भिजलेल्या गालिच्यांच्या गुंडाळ्या आणि ओल्या गाद्या छतापर्यंत रचलेल्या. आमची बॅग पलंगाखाली साखळीत तशीच, तिच्यापुढे एक गादी टेकवलेली.

तिथल्या कामाचा माणूस आला. माझ्याच वयाचा असेल, डोळे लाल, गणवेश कोपरापर्यंत ओला. मी त्याला जोरात विचारलं की आमची खोली अशी कशी केली. तो म्हणाला की वरून निरोप होता, या केबिनचे लोक दुसरीकडे जाणार आहेत. आणि तो सकाळी आला तेव्हा खोली रिकामी होती. मी म्हणाले, रिकामी कशी, बॅग नव्हती का. त्यानं एकदा आईकडे पाहिलं.

"मैडम, चादर की तह लगी हुई, बाथरूम सूखा, बैग पलंग के नीचे, दिखी ही नहीं। मुझे लगा हमारे ही किसी ने कर दिया। गेस्ट ऐसा कमरा नहीं छोड़ता।"

मी आईकडे वळले. सकाळी मी दात घासायला लागले होते, तेवढ्यात तिनं जहाजाच्या चादरी काढून पायथ्याशी घड्या करून ठेवल्या होत्या, उश्या एकावर एक, टॉवेलचा ढीग दाराजवळ, मोरी कोरडी. लॉजवर पायथ्याशी घडी म्हणजे खोली सुटली. जहाजाच्या चादरी आम्ही वापरल्याही नव्हत्या, तरी तिनं सकाळी खोली काढून ठेवली होती, सवयीनं, तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. आई त्या माणसाला म्हणाली, आदत है बाबा. तो हसला नाही. आईनं कुलूप काढल्यावर त्यानं बॅग बाहेर काढून दिली आणि गादी काढताना त्याचा हात आईच्या पायाला लागला, तर वाकून नमस्कार केला.

गोव्याला लोक उतरून फिरून आले, आम्ही केबिनची वाट बघत संध्याकाळपर्यंत लॉबीच्या सोफ्यावर बसून होतो. मग खालच्या मजल्यावरची केबिन मिळाली. तिला गोल खिडकी होती. खिडकीच्या काचेवर आतून वाफ आणि बाहेरून मीठ, त्यामुळे उजेड दिसायचा, समुद्र नाही. बेसिनमध्ये कुणाचे तरी दाढीचे केस होते. मी बघितलं, आईचा हात आपोआप टॉवेलकडे गेला. मी तो धरला आणि बेल वाजवली.

तोच माणूस आला. त्यानं बेसिन धुतलं, मोरी धुतली, गुडघे टेकून फरशी पुसली. मी आईला पलंगावर बसवलं होतं, पाय वर घेऊन. नाकाला पदर लावून ती भिंतीकडे बघत होती. तिनं एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, चला, आता ती पाहुणी झाली. तो गेल्यावर ती म्हणाली,

"मी काम करताना असं कुनी बसून ऱ्हायलं तर मला लई राग यायचा. त्येला पन आला आसंल."

मी म्हणाले, त्याचं ते काम आहे. ती म्हणाली, हाव, कामच हाय. आणि पलंगावरून खाली उतरून बसली.

शेवटच्या सकाळी उतरायची घोषणा झाली. मी आईला सांगितलं की या वेळी काहीही आवरायचं नाही. मी मुद्दाम चादर चुरगळलेली ठेवली, टॉवेल फरशीवर टाकले, चहाचे कागदी कप टेबलावर. पाहुणे असेच जातात, म्हणाले. आईनं काही विरोध केला नाही. ती बॅग घेऊन दाराबाहेर जाऊन उभी राहिली, हात पदराखाली घेतलेले, हलू नयेत म्हणून.

दार ओढून घेण्याआधी मी मागं वळून पाहिलं. ओला टॉवेल, त्यावर माझ्याच चपलेचा ठसा. चुरगळलेली चादर अर्धी खाली लोंबणारी. अशा खोल्या मी किती पाहिल्या होत्या, फरशीवर पुस्तक घेऊन बसून, आई वाकलेली असताना. तीन दिवसांत जहाजावर जी किळस साठली होती ती सगळी मला आता या एका पलंगाकडे बघून आली, आणि हा पलंग मी केला होता.

मी आत गेले, टॉवेल उचलले आणि चादर ओढायला लागले. आई दारातून बघत होती. आत आली नाही. तिनं शब्द दिला होता आणि तो ती पाळत होती.

"आधी उशीची खोळ काढ," ती बाहेरून म्हणाली. "मग चादर. समदं खोळीत भर, म्हंजी त्येला यकदाच उचलता येतंय."

मी खोळ काढली.