दाराकडची भिंत

हॅझन मिल्सच्या गावसभेत ऑरिन टाट्रोला खुर्चीवर बसलेलं कुणीही पाहिलेलं नाही. मार्चातल्या पहिल्या मंगळवारी अख्खं गाव शाळेच्या हॉलमध्ये लोखंडी खुर्च्या मांडून बसतं आणि ऑरिन मागच्या दाराशी पाठ टेकून उभा. का, तर तो रस्त्यांचा मुकादम. बर्फ पडायला लागला की सभा गेली खड्ड्यात, आधी ट्रक काढायचा. त्याच्या आधीचा मुकादमही तिथंच उभा राहायचा, आणि त्याच्याही आधीचा. फरक इतकाच की त्यांच्या काळात दुधाच्या गाड्या घळीत जायच्या. ऑरिनच्या हाती बर्फ सारायचा नांगर लावलेला ट्रक आल्यापासून शाळेची बस एकदाही अडकली नाही. बाजूच्या गावचा मुकादम एकदा विचारायला आला होता, "कसं जमवतोस रे?"

"जमवत नाही," ऑरिन म्हणाला. "टाट्रो म्हणून जन्माला यावं लागतं."

आठवीत शाळा सोडलेला माणूस, पण गावात मान असा की तो ज्या बाजूला मान हलवील त्या बाजूला निम्मं गाव हलायचं. त्याला ते ठाऊक होतं. ठाऊक असून तो लपवायचाही नाही.

आणि त्याला स्वतःपेक्षा जास्त अभिमान होता धाकट्या भावाचा. लेलंडचा. आईबाप लवकर गेले, लग्न दोघांचंही झालं नाही, एकाच घरात राहायचे. मार्चात दोघं मिळून मेपलचं गुऱ्हाळ लावायचे. झाडांना बादल्या अडकवायच्या, रस गोळा करायचा, मोठ्या कढईत आटवायचा. लेलंडच्या हातची काकवी अशी उतरायची की शहरातली माणसं गाड्या घेऊन दारात यायची. लेलंड राज्याच्या राखीव पलटणीत होता. महिन्यातनं दोन दिवस कवायत, पूर आला तर वाळूच्या गोण्या टाकायच्या, एवढीच ती पलटण. मग तिला इराकला पाठवलं. ऑरिननं तेव्हा खानावळीत टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं, "सरकारला भारी माणसं लागली की त्यांना आमच्या घरचा पत्ता सापडतो."

जानेवारीत लेलंड पेटीतून परत आला.

त्या महिन्यात तिथली जमीन म्हणजे लोखंड. हिवाळ्यात जो मरेल त्याला स्मशानाच्या कडेच्या दगडी कोठीत ठेवतात, आणि मे महिन्यात जमीन सुटली की पुरतात. टाट्रोंचा आजा असाच थांबला होता, आईही थांबली होती. गावातली थडगी खणायचं कामही ऑरिनचंच. कडा अशा सरळ की ओळंबा लावला तरी तसूभर फरक सापडायचा नाही. शहरातला अंत्यविधीची कामं घेणारा एक माणूस आला नि म्हणाला, गॅसच्या शेगड्या लावून जमीन वितळवता येईल, साहेब, आठवड्यात उरकून टाकू.

"उरकून?" ऑरिननं त्याला त्याच्या गाडीपर्यंत पोचवला. "माझ्या भावाची जागा मी खणणार. फावड्यानं. जमीन देईल तेव्हा."

म्हणून मग हिवाळाभर लेलंड कोठीत. तिकडं कुणी जात नव्हतं, तरी ऑरिन रोज पहाटे पहिला नांगर स्मशानाच्या रस्त्यावर फिरवायचा. कोठीपाशी ट्रक थांबवायचा, इंजिन चालूच, आणि समोरच्या लोखंडी दाराकडं बघत थर्मासातली कॉफी संपवायचा.

त्याच्या पोटात एक गोष्ट अडकून होती. शरद ऋतूत लेलंड सुट्टीवर आला होता, तेव्हा दोघं गुऱ्हाळात कढईला डाग देत बसले होते. लेलंड मान वर न करता म्हणाला होता, "मी माझी पाळी पुरी करतो, ऑरिन. सही केलीय, मागं फिरायचा नाही. पण माझ्यानंतर आणखी कुणाला पाठवू नका. आम्ही तिथं कशासाठी आहोत ते आमच्या कॅप्टनलासुद्धा सांगता येत नाही."

ऑरिननं हे कुणालाच सांगितलं नाही. सांगायचं कसं? लोक म्हणाले असते, टाट्रो कचरला. कचरलेला टाट्रो अजून जन्मायचाय. पण उन्हाळ्यात पुढची तुकडी निघणार होती, आणि तिच्यात दुसऱ्या ट्रकवरचा ड्वेन होता. दोन पोरींचा बाप. ऑरिनच्या शेजारीच, त्याच दाराला टेकून उभा राहायचा.

त्या वर्षी गावसभेत शेवटचा ठराव होता: पलटण परत बोलवा, युद्ध संपवा, असं गावानं सरकारला कळवावं.

सकाळ नव्या ट्रकच्या खर्चावर वाद घालण्यात गेली, कुत्र्यांच्या पट्ट्यांच्या फीवर गेली. हॉलच्या बाजूला बायकांनी घेवड्याच्या बियांची भगुणी गरम करायला ठेवली होती, डुकराच्या मांसाचा वास सुटला होता, लोक घड्याळाकडं बघायला लागले. तेव्हा कुठं अध्यक्षबाई थेल्मा रस्क यांनी शेवटचा ठराव वाचला. थेल्माबाईंचं पेंडीचं दुकान. हातोडी आपटली की बैलसुद्धा गप्प बसेल अशी बाई.

आधी ठरावाच्या बाजूनं हॅलेटबाई उठल्या. निवृत्त शिक्षिका, कनेक्टिकटहून येऊन राहिलेल्या. वीस वर्षं झाली तरी गावाच्या लेखी पाहुण्याच.

"लेलंडसाठी," त्या म्हणाल्या नि त्यांचा आवाज फाटला. "लेलंड आज बोलू शकला असता तर म्हणाला असता..."

'तुमच्याशी तो फक्त काकवीच्या भावाबद्दल बोलला असेल,' ऑरिन मनात म्हणाला.

मग व्हॉन पेक उठला. गाईंचा धंदा, तरुणपणी व्हिएतनामला जाऊन आलेला, एका कानानं ऐकू कमी. "आता परत बोलावलं तर लेलंड गेला कशासाठी?" तो गरजला. "माझ्या वेळी आम्हाला मध्येच माघारी आणलं. त्यानंतर आम्हाला कुणी तोंड दाखवू दिलं नाही. लेलंडच्या बाबतीत मी ते होऊ देणार नाही!"

टाळ्या पडल्या. दोन्हीकडून लेलंड, लेलंड. कुणी लेलंडला इकडं ओढतंय, कुणी तिकडं, जसं काही मेलेला माणूस म्हणजे जत्रेतल्या रस्सीखेचीचा दोर. ऑरिननं दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा लोकांनी त्याच्याकडं असं काही हळवं बघितलं की त्याचं तोंडच मिटलं. त्याला त्या नजरांची चीड यायची. ऑरिन टाट्रोकडं बघताना माणसानं एक तर घाबरावं नाही तर हसावं. हे काय मधलंच?

तेवढ्यात चर्चचा खजिनदार उभा राहिला आणि मऊ आवाजात म्हणाला, "ऑरिन इथं उभा आहे. त्याच्या जखमेवर मीठ नको. हा विषय आपण बाजूला ठेवू या."

"काही बाजूला ठेवायचं नाही!" ऑरिन असा ओरडला की स्वयंपाकघरातली बाई डाव हातात घेऊन बाहेर आली. "बाजूला ठेवलेलं एक कोठीत आहे, तेवढं पुरे झालं. मत घ्या!"

आणि दार आपटून तो बाहेर गेला. डोकं तापलं होतं. आभाळ राखाडी होऊन खाली उतरलं होतं. त्यानं ट्रक सुरू केला, काच गरम व्हायला सोडली, बंपरला एक लाथ घातली. बंपरला काय व्हायचंय, त्याचंच बोट ठेचलं.

आत थेल्माबाईंनी आवाजी मत घेतलं. 'हो' आणि 'नाही' दोन्ही सारखेच ऐकू आले. मग नेहमीचा रिवाज: उठा आणि वेगळे व्हा. "ठरावाच्या बाजूचे खिडकीकडच्या भिंतीला, विरुद्ध दाराकडच्या भिंतीला. कारकूनबाई मोजतील."

हे बोलणं झालं तेव्हा ऑरिन बाहेर होता. तो आत आला तेव्हा खुर्च्या सरकत होत्या, माणसं उठत होती. तो आपल्या जागी जाऊन उभा राहिला, दाराला पाठ टेकून. दुसरीकडं कुठं उभं राहायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

गावानं बघितलं. ऑरिन दाराच्या भिंतीला.

मग एकेक जण येऊ लागला. आधी दोघं-तिघं, मग झुंडच. कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी नुसती मान हलवली. खिडकीकडं निघालेला सुताराचा मुलगासुद्धा अर्ध्यातनं वळला. व्हॉन पेक तर शेजारी येऊन कानात पुटपुटला, "शाब्बास. भाऊ असावा तर असा."

ऑरिनची छाती फुगली. बघा म्हणावं, एक शब्द न बोलता! कोण कुठल्या मताचं कुठं उभं आहे, याचा हिशोब त्या तोऱ्यात त्याला सुचलाच नाही. समोर हॅलेटबाई दहाबारा माणसांत एकट्या पडल्यासारख्या उभ्या होत्या. ड्वेनही तिकडंच, खिडकीपाशी. त्याच्याकडं बघून ऑरिननं डोळा मारला, की ये, ये, इकडं ये. ड्वेननं मान फिरवली.

कारकूनबाईंनी मोजलं. थेल्माबाईंनी हातोडी आपटली. "दाराकडचे जास्त. ठराव नामंजूर."

"काय?" ऑरिन म्हणाला.

"नामंजूर, ऑरिन. तुझ्या बाजूनं झालं."

"कोणती माझी बाजू?"

व्हॉन म्हणाला, "अरे, ही. विरुद्धची."

"ही विरुद्धची नाही, ही दाराची भिंत आहे! मी इथं जन्मभर उभा राहतो! बर्फ आला तर ट्रक काढावा लागतो म्हणून!" त्याचा चेहरा लाल झाला. "आणि तुम्ही? तुम्ही कशाला आलात इथं?"

"तू होतास म्हणून," सुताराचा मुलगा म्हणाला.

"मेंढरं आहात का रे? युद्धाचं मत देताय की माझ्यामागनं चरायला निघालाय?"

कुणी तरी फिस्सकन हसलं. व्हॉनचा गळा फुगला. "आता ओरडून काय उपयोग? झालं ते झालं. मोजणी झाली!"

हॅलेटबाई पुढं आल्या. "अध्यक्षबाई, फेरविचार व्हावा अशी मी मागणी करते."

"तुम्हाला करता येत नाही," थेल्माबाई म्हणाल्या. आवाजात बाईंना वाईट वाटत असल्यासारखं काही तरी होतं. "हरलेल्यांना फेरविचार मागता येत नाही. जिंकलेल्या बाजूच्या कुणीतरी उठून तो मागितला पाहिजे. सभा संपायच्या आत. नंतर नाही."

सगळ्यांच्या माना ऑरिनकडं वळल्या. कागदावर तो जिंकलेल्या बाजूचा होता. चुकून का होईना.

उठून म्हणायचं काय, तर मी चुकलो. ऑरिन टाट्रो आपल्या तोंडानं आजवर कुणाला हे म्हणाला नव्हता. एकदा पाटबंधाऱ्याच्या पुलावर ट्रक आडवा झाला होता, तेव्हासुद्धा तो म्हणाला होता की पूलच वाकडा आहे. बाहेर ट्रकचं इंजिन घरघरत होतं. दाराच्या काचेतून त्याला दिसलं, पहिले पांढरे कण पडायला लागले होते. आता नुसतं निघून गेलं तरी कुणी काही म्हणालं नसतं. मुकादमाचं कामच ते.

त्यानं टोपी काढली.

"फेरविचार मागतो," तो म्हणाला. "मी चुकलो. चुकीच्या भिंतीला उभा होतो." टोपी दुमडून त्यानं खिशात कोंबली. "आणि आता ऐका. तुम्ही दोघांनी लेलंडच्या तोंडात शब्द घातले. बाई, तुम्ही पण आणि व्हॉन, तू पण. त्याचे शब्द माझ्याकडं आहेत. त्यानं सांगितलं, माझी पाळी मी पुरी करतो, पण माझ्यानंतर कुणाला पाठवू नका. सुट्टीवर आला होता तेव्हा. गुऱ्हाळात. तो घाबरून बोलला असं ज्याला म्हणायचंय त्यानं आत्ता माझ्यासमोर येऊन म्हणावं."

कुणी आलं नाही.

"आणि मी जाईन तिकडं सगळे जाऊ नका," तो म्हणाला. "प्रत्येकानं आपलं डोकं घेऊन जा. असेल तर."

मग तो हॉल ओलांडून चालू लागला. जड बुटांचा आवाज लाकडी जमिनीवर घुमत होता. मागे कोण येतंय हे त्यानं वळून बघितलं नाही. खिडकीच्या भिंतीला तो पहिल्यांदाच टेकला. तिथून सगळा हॉल उलटा दिसत होता, अनोळखी.

सगळे आले नाहीत, निम्मेशिम्मे आले. सुताराचा मुलगा आला. खजिनदार आला, खाली मान घालून. व्हॉन पेक हलला नाही, आणि त्याच्या शेजारी बरेच जण हलले नाहीत. कारकूनबाईंनी दोनदा मोजलं. ठराव मंजूर झाला, पण निसटता. दोनतीन माणसं इकडची तिकडं असती तर पडला असता.

हॅलेटबाईंनी त्याचा हात धरला, डोळे भरलेले. "काय बोललात, ऑरिन!"

"आता पुढं काय होतं?" त्यानं कारकूनबाईंना विचारलं.

"मी टाइप करून राज्याच्या राजधानीला पाठवीन. वॉशिंग्टनलाही."

"मग?"

"मग उत्तर येईल. छापील. 'आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत.'"

"आणि ड्वेन?"

कारकूनबाईंनी खांदे उडवले. ड्वेन शेजारीच होता, कागदाच्या ताटलीत घेवडा वाढून घेत. "मला हुकूम जूनचा आहे," तो म्हणाला. "कागद गेला तरी आणि नाही गेला तरी."

ऑरिनला वाटलं एखादी खुर्ची उचलून आपटावी. एवढं सगळं करून, आपलं तोंड सगळ्या गावासमोर काळं करून, हाती काय लागलं तर एक टाइप केलेला कागद. दाराजवळ व्हॉन कोट चढवत उभा होता. दोघं समोरासमोर आले.

"तो खरंच असं म्हणाला?" व्हॉननं विचारलं.

"खोटं बोलायला मी काय पेक आहे?"

व्हॉन हसला नाही. "आधी सांगायचंस," तो म्हणाला नि बर्फात निघून गेला.

ऑरिन ट्रकमध्ये चढला. ठेचलेलं बोट ठणकत होतं. आधी शाळेचा रस्ता काढायचा असतो, दुधाच्या गाड्यांचा, सगळे रस्ते ओळीनं. त्यानं नांगर खाली टाकला आणि ट्रक स्मशानाकडं वळवला. कोठीपर्यंत साफ केलं. या वेळी त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला, नि पायाखालच्या जमिनीत पहार मारली. पहार खणखणली आणि हात झिणझिणले. अजून नाही.

"सांगितलं बाबा," तो लोखंडी दाराकडं बघून म्हणाला. "उशिरा सांगितलं, पण सांगितलं. थोड्या मतांनी जिंकलो. उगीच फुगू नकोस."

मग पहार ट्रकमध्ये टाकून तो दुधाच्या रस्त्याला लागला. वाटेत पेकच्या गोठ्यासमोर थांबला. बर्फ चांगलाच साचला होता. त्यानं व्हॉनच्या दारापुढची वाट नेहमीपेक्षा दोन फूट जास्त रुंद काढून दिली आणि हॉर्न न वाजवता पुढं गेला.