सगुणाकाकीचा बांध

सगुणाकाकी बोलायच्या आधी पदर कमरेला खोचायची. समोर खोत असो, मामलेदार असो की सख्खा दीर, पदर खोचला की समजावं, आता कुणाची तरी धडगत नाही. ग्रामपंचायतीच्या पहिल्या सभेतही तिनं तेच केलं. बायकांसाठी ठेवलेल्या जागेवर ती आली होती. सरपंचांचा अंदाज असा, की बाई अंगठा उठवील आणि चहा पिऊन घरी जाईल. काकीनं पदर खोचला आणि विचारलं, "खोती गेली, बरं झालं. पन खोत जे काम करवून घ्यायचा, ते काम कुठं गेलं?"

तिचा प्रश्न समजायला आमचं गाव माहीत हवं. रेवदंड्याच्या खाडीवर, कुलाबा जिल्ह्यात, आमची सगळी भातशेती समुद्राच्या पातळीला. मध्ये फक्त मातीचा एक लांबलचक बांध. खोताच्या राज्यात दर वैशाखात प्रत्येक घरातून एक माणूस त्या बांधावर चिखल वाहायला जायचा. मजुरी नाही, भाकरी नाही. न गेलं तर खोताचा माणूस काठी घेऊन दारात. याला वेठ म्हणत. पुढे खोती गेली, कुळकायदा आला, कसत होतो त्या जमिनी आमच्या झाल्या. गावानं गुलाल उधळला आणि त्याच आनंदात बांधावर जाणंही सोडून दिलं. वेठ संपली ना! वेठीबरोबर बांधाचं कामही संपलं, अशीच सगळ्यांची समजूत झाली.

समुद्रानं तीनचार वर्षं वाट पाहिली. मग एका आषाढी अमावास्येला बांधाला खांड पडली आणि खारं पाणी पहिल्या शेतांत शिरलं. लावणी झालेली होती. पंधरा दिवसांनी नारळी पुनवेचं उधाण येणार, तेव्हा ही खांड मोठी होऊन सगळं शिवार खारं होणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. एकदा शेत खारवलं की पुढली काही वर्षं भात नाही. माझे वडील मुंबईला गिरणीत जायची भाषा करू लागले. मी तेव्हा मॅट्रिकला होतो. ते गेले असते तर शाळा सोडून मलाही मागोमाग जावं लागलं असतं.

देवळात सभा बसली. सरपंच म्हणाले, "सरकारला अर्ज केलाय."

काकी म्हणाली, "सरकार येईल वो. पन पुनव आधी येईल."

माझे वडील उठले. खोताच्या काठीचा वळ त्यांच्या पाठीवर होता, तो मी पाहिलेला आहे. ते म्हणाले, "मी वेठीला जानार न्हाय. आता काठी न्हाय कुनाची."

"भावजी, काठी खोताची व्हती. दर्या कुनाचा? त्याला कायदा वाचून दाखवला काय कुनी?"

लोक हसले. वडील चिडले. "मंग नाना खोताला सांग टोपली उचलायला. तो उचलील तवा मी उचलीन!"

आणखी मोठा हशा झाला. काकी मात्र हसली नाही. पदर खोचलेलाच होता. ती तशीच उठून खोताच्या घराकडे चालू लागली आणि आम्ही निम्मं गाव तिच्यामागे.

नाना खोत ओटीवर सुपारी कातरत बसले होते. खोती गेली तरी बांधाच्या आत त्यांची स्वतःची शेतं होती. सगळं ऐकून म्हणाले, "बरं सगुणे, दोन गडी पाठवतो."

"गडी नकोत, नाना. गडी पाठवलेत की तुमी मालक नि आमी परत वेठीचे. मंग कुनीच येनार न्हाय. घरचं मानूस पायजे."

"घरात मी एकटा पुरुष. या वयात चिखल वाहू?"

"एक टोपली वाहा. बाकीच्या आमी वाहतो."

नानांचा अडकित्ता थांबला. ते उठून आत गेले. आम्ही परतलो. वडील म्हणाले, "बघ, मी काय सांगत व्हतो?"

दुसऱ्या दिवशी ओहोटीला बांधावर काकी आणि मोजकी माणसं. वडील लांब उभे, हात पाठीमागे बांधून. आणि धोतराचा काचा मारून, डोक्यावर टोपली घेऊन नाना खोत आले. चार पावलं टाकली आणि गुडघाभर चिखलात रुतले. पाय निघाला, वहाण आतच. कुणाला हसायचा धीर होईना. काकी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या नाना, तेवडीच बांधाला भर!" आधी नाना हसले, मग सगळा बांध हसला. वडिलांनी मुकाट्यानं डोक्याला फडकं बांधलं आणि खाली उतरले.

पुनवेच्या आत खांड बुजली. वर नाना म्हणाले, "सगुणाबाई, पुढल्या वर्षी आधी सांगा." सगुणाबाई! मी हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

पुढे काकीनं प्रत्येक घराला शेताच्या मानानं बांधाचा वाटा नेमून दिला. खुंट्या स्वतः ठोकल्या. तोंड इतकं तिखट, की पुढच्या निवडणुकीत लोकांनी तिला पाडलं. "पडले तर पडले," ती म्हणाली, "बांधावर निवडणूक न्हाय. थितं मी हायच." मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, तेही अर्थशास्त्र घेऊन, हे मी छाती पुढे काढून सांगतो. पेढे घेऊन गेलो तर काकीनं पेढा तोंडात टाकला आणि म्हणाली, "शाना झालास. पन शिकलेल्याला सूट न्हाय. ओहोटी दुपारची हाय, विजार दुमडून ये." गेलो.

ती चैत्रात वारली. मूलबाळ नव्हतं. मी मुंबईहून आलो तेव्हा वैशाख लागला होता. तिचा वाटा आता कोण भरणार, म्हणून टोपली घेऊन मीच बांधावर गेलो. पाहतो तर तिच्या दोन खुंट्यांमधला बांध इतरांपेक्षा हातभर उंच. नंतर कळलं, ज्यानं त्यानं आपला वाटा भरताना, कुणाला न सांगता, एकेक टोपली तिथं टाकली होती. नानांच्या घरच्यांनीही.

वडील मागून आले. पायानं तो उंचवटा चाचपला.

"असा वरखाली बांध तिला चालला नसता," ते म्हणाले. "शिव्या घातल्या असत्या. काढ ती वरची माती, पुढं खचलंय थितं टाक."

मी काढली, आणि दोघांनी मिळून ती पुढे टाकली.