भिंतीवरचे डोळे

भंडारा जिल्हा फुटला तेव्हा सरकारी दप्तरंही फुटली. काही गठ्ठे गोंदियाला गेले, काही इथंच राहिले, आणि उरलेले कुठं गेले ते त्यांनाच ठाऊक. मी शाळामास्तर. म्हटलं, कागद नाहीत तर नाहीत, घरोघरचे जुने फोटो तरी गोळा करू. बायको म्हणे, नसती उठाठेव. ती काही चुकीचं बोलत नव्हती.

असाच शहापूरला एका मावशींकडं गेलो. सत्तरी ओलांडलेल्या, घरात एकट्या. भिंतीवर त्यांच्या आईचा फोटो होता. मावशी चारेक वर्षांच्या असताना ती तापानं गेली. चेहरा शांत, ओठ मिटलेले, आणि त्यावर ते डोळे, फाकलेले, रोखलेले. भरदुपारी मी खोलीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलो, तर ते डोळेही माझ्या मागोमाग फिरले. असल्या गोष्टींना हसणारा माणूस मी, पण त्या दिवशी हसू आलं नाही.

"पोटच्या पोरीकडं अशी कोनी पायते का, मास्तर?" मावशी म्हणाल्या. "जल्मभर भेली मी या फोटोले. आता वर जाऊन तिच्याच पुढं उभं राहाचं हाये. माय माह्यावर काहून रागावली, तेवढं शोधून द्या."

मेलेल्या बाईचा राग शोधायचा म्हणजे कमालच! तरी फोटो घेऊन निघालो. घरी तो भिंतीकडं तोंड करून ठेवला, पण त्याच्याकडं पाठ करून बसवेना.

फोटोमागं भंडाऱ्यातल्या एका स्टुडिओचा शिक्का होता. स्टुडिओ कधीचाच बंद पडलेला. मालकाच्या मुलानं, तोही आता म्हातारा, माळ्यावरून काचेच्या निगेटिव्हची पेटी काढली. शोधता शोधता एका पाकिटात ती काच सापडली. उजेडात धरली. चेहरा काळा, केस पांढरे, पण बाई तीच. बाजेला टेकवून बसवलेली. डोळे मिटलेले.

"मेल्यावर काढला जी," तो सहज म्हणाला. "जितेपनी कोन फोटो काढे तवा? मंग बाबा छापलेल्या फोटोवर ब्रशानं डोळे उघडे करत. घरच्याच मानसाचे पाहून काढत, चेहऱ्याले शोभले पायजेत म्हनून."

त्याच पाकिटात एक लहानसा छापील फोटो होता. आई गेली त्याच दिवशी डोळ्यांसाठी कॅमेऱ्यापुढं बसवलेली पोर. भेदरलेली. तेच डोळे.

मिटल्या डोळ्यांचा फोटो छापून घेतला आणि सगळं घेऊन शहापूर गाठलं. मला केवढा आनंद झाला होता! "मावशी, आई रागावली नव्हती. हे डोळे तुमचेच आहेत."

त्यांनी फोटो मांडीवर घेतले. एकाशेजारी एक लावले.

"म्हंजे मी माह्यालेच भेली," त्या म्हणाल्या. मग मिटल्या पापण्यांवर बोट ठेवून विचारलं, "मंग मायचे डोळे कसे होते, मास्तर?"

ते डोळे पाहिलेलं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि तेच मला विचारत होतं.